न वाजवलेला गंधार

आर्वो पॅर्ट या एस्टोनियन संगीतरचनाकाराची ‘बेंजामिन ब्रिटन यांच्या स्मरणार्थ कॅन्टस’ ही रचना जेमतेम सहा मिनिटांची आहे. ख्यालाच्या बैठकीत वाढलेल्या कानाला एवढा अवधी म्हणजे काहीच नव्हे. तंबोरे जुळायलाच याहून अधिक वेळ लागतो. २०१९च्या हिवाळ्यात इंदूरच्या एका घरी भाच्याने आणलेली सीडी लावली गेली, तेव्हा ऐकायला बसलेल्या बाईंचा पहिला आक्षेप हाच होता.

त्या बावीस वर्षे गाणे शिकल्या होत्या आणि पुढे ते त्यांनी सोडले होते. त्यांचे गुरुजी उज्जैनला राहत. एका क्षुल्लक गोष्टीवरून अबोला धरला गेला. चातुर्मास संपला की जाऊ, थंडी ओसरली की जाऊ, असे करता करता २०११ साली गुरुजी गेले. तासा-दीड तासाचा तो रस्ता बाईंकडून झाला नाही. तेव्हापासून त्यांचा तंबोरा गवसणीत, भिंतीशी उभा होता.

कॅन्टसची सुरुवात विरामाने होते. मग एक घंटा वाजते, अगदी हलकी, दुरून आल्यासारखी. तिचा स्वर षड्ज मानला तर पुढे तंतुवाद्यांतून जे उतरते तो आसावरी थाटाचा सरळ अवरोह होय. प्रथम नुसता सा. मग सा नी. मग सा नी ध. दर खेपेला वरच्या षड्जावर परतून एक पायरी अधिक खाली. बाईंना हसू आले. हे तर पलटे! शिकवणीला येणारी मुले असलेच काही घोटत बसतात. यात मींड नाही, स्वराचा लगाव नाही, राग तर नाहीच. आक्षेप खोटा नव्हता. स्वराच्या अंतरंगात शिरून त्याची बढत करणे, हे ज्या संगीताचे सर्वस्व, त्याच्या मापाने हे संगीत दरिद्रीच ठरते.

दुसऱ्या खेपेला मात्र त्यांचे लक्ष लयीकडे गेले. पहिली व्हायोलिने ज्या गतीने उतरतात, त्याच्या निम्म्या गतीने तोच अवरोह दुसरी व्हायोलिने करतात. व्हायोला त्याच्या निम्म्याने, चेलो त्याच्याही निम्म्याने, आणि डबल बास सोळापट संथ. ठाय, दुगुन, चौगुन या गोष्टी आपल्याकडे एकापुढे एक मांडल्या जातात. इथे त्या सगळ्या एकाच क्षणी नांदतात. एकच उतार, कुणी तो धावत उतरते आहे, कुणाला एकेक पायरी जड झाली आहे. एकाच घरातल्या दुःखाचेही असेच असते. एकेक भाग आपल्या अखेरच्या स्वराला पोचून तिथेच थांबतो आणि मागून येणाऱ्यांची वाट पाहतो. डबल बास सर्वांत शेवटी पोचतात.

हे सोपेपण पॅर्ट यांना सोपेपणाने मिळालेले नाही. ते १९३५ साली पाईदे येथे जन्मले आणि राक्वेरे गावात वाढले. घरचा पियानो मध्यसप्तकात नादुरुस्त होता. पोराला वरच्या आणि खालच्या टोकांच्या स्वरांशीच खेळावे लागे. पुढे एस्टोनियाच्या नभोवाणीवर ध्वनिमुद्रणाची नोकरी, आणि सोव्हिएत अमलाला न रुचणाऱ्या बारास्वरी पद्धतीच्या रचना. १९६८च्या ‘क्रेडो’ या रचनेत त्यांनी आपली ख्रिस्तश्रद्धा उघड बोलून दाखवली आणि अधिकाऱ्यांचा रोष ओढवून घेतला. त्यानंतर १९७६पर्यंत, १९७१ची तिसरी सिंफनी आणि आणखी थोडे काही वगळता, ते जवळजवळ गप्प राहिले. या काळात ते मध्ययुगीन चर्चमधली एकसुरी भजने अभ्यासत होते. एका स्वरामागून दुसरा का यावा, हे मुळापासून शिकत होते. या मौनातून जी पद्धत निघाली तिला त्यांनी टिन्टिन्नाबुली, म्हणजे छोट्या घंटा, असे नाव दिले. एक आवाज स्वरमालेच्या पायऱ्या चालतो; दुसरा त्याच्या सोबतीला राहतो, पण षड्ज, गंधार, पंचम यांपलीकडे जात नाही. तंबोऱ्याच्या सान्निध्यात गायलेल्या माणसाला ही सोबत निराळी समजावून सांगावी लागत नाही. (पुढे चित्रपटवाल्यांनी पॅर्ट यांच्या संगीताला करुण प्रसंगांच्या दावणीला बांधले, त्याचा दोष त्यांच्याकडे जात नाही.)

ब्रिटन ४ डिसेंबर १९७६ रोजी वारले. त्या सुमारासच पॅर्ट यांना ब्रिटनच्या संगीतातले निर्मळपण उमगू लागले होते. भेटण्याची इच्छा होती, ती राहून गेली. कॅन्टस १९७७ची. भाच्याने हे कुठेसे वाचलेले सहज सांगितले. बाई काही बोलल्या नाहीत. रचना पुन्हा लावण्याची त्यांनी खूण केली.

या खेपेला त्या शेवटासाठी थांबल्या होत्या. सगळी वाद्ये एका प्रचंड स्वरसमूहावर खिळून राहतात आणि एकाएकी तुटतात. तुटण्यापूर्वी घंटेवर इतका हलका आघात झालेला असतो की त्या कल्लोळात तो कळतच नाही. वाद्ये थांबली की तिचा नाद उघडा पडतो. सबंध रचनेत गंधार कोमल. पण विरत जाणाऱ्या घंटेच्या उपस्वरांत, कान दिला तर, शुद्ध गंधार उमटतो.

उज्जैनच्या माडीवर शिकवणीपूर्वी हेच चाले. खर्जाची तार चांगली लागली की तिच्यातून स्वयंभू गंधार बोलू लागतो. तो बोलल्याशिवाय गुरुजी तोंडातून षड्ज काढू देत नसत. कधी अर्धा तास नुसते तंबोरा छेडत बसायचे. त्या बसण्याचा बाईंना त्या वयात कंटाळा येई.

“गंधार आला,” बाई म्हणाल्या. “शुद्ध.”

“कुणी वाजवला?” भाच्याला काहीच ऐकू आले नव्हते.

“कुणी नाही.”

तो गेल्यावर त्यांनी शेवटचे अर्धे मिनिट चार-पाच वेळा ऐकले. पुढल्या आठवड्यात भाच्याने तीच रचना आपल्या मोबाइलवरून ऐकवली. त्या चिमुकल्या यंत्रातून घंटा नीट उमटेना, गंधार तर आलाच नाही. बाईंनी ती तरीही शेवटपर्यंत ऐकून घेतली, आणि मग त्याला सीडी लावायला सांगितली.