दुसऱ्या कंत्राटाचे बिल

8 जानेवारी 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरात सरकार विरुद्ध अंबर बिल्डर्स या प्रकरणात निकाल दिला. आपल्याच 2016 च्या निकालाला पूर्वाधार म्हणून किंमत नाही, असे त्यात म्हटले आहे. 2016 मध्ये गंगोत्री एंटरप्रायझेसच्या प्रकरणात ज्या 1974 च्या निकालाचा टेकू घेतला होता, तो नेमक्या त्याच मुद्द्यावर 1983 सालीच तीन न्यायमूर्तींनी रद्द ठरवला होता आणि 2016 मध्ये ते कुणाच्या ध्यानात आले नाही. न्यायालयाच्या हातून असे निसटू शकते, त्याचा मला फार राग नाही. मला डाचते ते वेगळेच. चुकून दिलेला निकाल मला पटतो आणि तो दुरुस्त करणारा निकाल वाचताना, त्यातले तर्कशास्त्र बिनचूक असूनही, घास अडकल्यासारखे होते. प्रश्न साधा आहे. एका ठेकेदाराकडे एकाच खात्याची दोन कामे आहेत. पहिला रस्ता दोषदुरुस्तीच्या मुदतीत उखडला म्हणून खाते म्हणते, इतके पैसे भर. ठेकेदार म्हणतो, आराखडाच तुमचा चुकीचा होता. या भांडणाचा निवाडा होण्याआधीच खाते दुसऱ्या कामाच्या बिलातून तेवढी रक्कम अडवते. त्या दुसऱ्या कामाबद्दल कुणाची काही तक्रार नाही. हे चालते का?

सरळ बुद्धीला वाटते, चालू नये. भारतीय करार कायदा 1872 चा आहे आणि त्याच्या कलम 73 प्रमाणे करार मोडणाऱ्याने नुकसान भरून द्यायचे असते. पण नुकसान झाले म्हणणे आणि पैसे येणे असणे यांत मोठे अंतर आहे, आणि ते मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी 1954 च्या आसपास फार स्वच्छ मांडले होते. फाळणीत विस्थापित झालेल्यांच्या कर्जांसाठी केलेल्या कायद्यात 'कर्ज' कशाला म्हणायचे, एवढाच वाद होता. छागलांचे म्हणणे असे की करार मोडला त्या क्षणी मोडणारा कोणतीही रक्कम देणे लागत नाही. समोरच्याला फक्त दावा लावण्याचा हक्क मिळतो. न्यायालय आधी जबाबदारी ठरवते, मग आकडा ठरवते, आणि तेव्हा कुठे देणे जन्माला येते. वाण्याच्या वहीतली उधारी आणि शेजाऱ्याने कुंपण तोडल्याची तक्रार यांत जो फरक, तोच हा. उधारी वळती करून घेता येते. तक्रार वळती कशी करणार? दिवाणी प्रक्रिया संहितेत वजावट मागायची तरी रक्कम निश्चित आणि कायद्याने वसूल होण्याजोगी असावी लागते. करार कायद्याचे कलम 171 तर सर्वसाधारण धारणाधिकार, म्हणजे एका व्यवहाराच्या बाकीसाठी दुसऱ्या व्यवहारात हाती आलेली वस्तू रोखून धरण्याचा हक्क, मोजक्याच लोकांना देते. त्यात बँकवाले आहेत, अडते आहेत, धक्केवाले, उच्च न्यायालयाचे वकील, विम्याचे दलाल आहेत. बाकी कुणालाही हा हक्क हवा असेल तर तसा स्पष्ट करार हवा. यादीत सरकार नाही.

छागलांचाच विचार 1974 मध्ये सर्वोच्च न्यायालयात केंद्र सरकार विरुद्ध रामन आयर्न फाउंड्री या प्रकरणात न्यायमूर्ती भगवती यांनी पुढे नेला. सरकारी पुरवठ्याच्या सर्वसाधारण शर्तींत अठरावे कलम होते: ठेकेदाराविरुद्ध रकमेचा दावा निर्माण झाला की ती रक्कम त्याच्या कोणत्याही इतर करारातल्या येण्यातून वसूल करावी. भगवतींनी या कलमाचा शब्द न् शब्द तपासला, कलमाच्या शीर्षकापर्यंत गेले. शीर्षक होते 'देय रकमांची वसुली'. देय म्हणजे आज देणे असलेली रक्कम. सरकारने मागितलेली नव्हे. नाहीतर सरकार वाटेल तेवढा फुगवलेला आकडा मागेल, सगळी बिले गिळून बसेल आणि निवाडा होईपर्यंत ठेकेदार उरणारच नाही. पुढे 1987 मध्ये तीर्थहळ्ळीच्या एका भातगिरणीच्या प्रकरणातही न्यायालयाने कर्नाटक सरकारला हेच सुनावले: करार मोडला की नाही हाच वाद असेल तर तो एका पक्षाच्या अधिकाऱ्याने सोडवायचा नसतो.

इथे थांबून रामनचा निकाल शेवटपर्यंत वाचावा लागतो, कारण त्यातली मेख शेवटी आहे. न्यायालयाने सरकारला इतर बिलांतून रक्कम वळती करून घ्यायला मनाई केली. पण ती बिले द्या, असे सांगितले नाही. उलट स्पष्टच म्हटले की हा मनाई हुकूम पैसे देण्याचा आदेश नाही आणि बचावाचा मुद्दा असेल तर सरकार पैसे द्यायला नकार देऊ शकते. म्हणजे ठेकेदार जिंकला आणि बिल होते तिथेच राहिले. त्याला हवे तर त्याने दुसऱ्या करारावर वेगळा दावा लावावा. हे वाचल्यावर रामनबद्दलचा माझा उत्साह निम्म्यावर आला. 'तुझे पैसे मी घेतले' आणि 'तुझे पैसे मी देत नाही' या दोन वाक्यांत कायद्याला फरक दिसतो. मजुरांचा शनिवारचा पगार आणि सिमेंटवाल्याची उधारी भागवायची असलेल्या माणसाला तो दिसत नाही. तिजोरीची किल्ली एकाच बाजूला असली की घेतलेले आणि न दिलेले सारखेच.

1983 मध्ये एच. एम. कमालुद्दीन अन्सारी यांच्या प्रकरणात हाच धागा उलट्या बाजूने ओढला गेला. तोवर अठराव्या कलमाची भाषा बदलली होती. 'वसूल करणे' याच्या जोडीला आता 'अडवून ठेवणे' आणि 'धारणाधिकार' हे शब्द स्पष्ट लिहिले होते, तेही मागणी केलेल्या रकमेसाठी. न्यायालय म्हणाले, शब्द इतके उघड असताना शीर्षकाचा आधार कशाला? आणि अडवून ठेवण्याला मनाई करणे म्हणजे प्रत्यक्षात पैसे देण्याचा हुकूमच. तो देता येणार नाही. रामनचा कलमाचा अर्थ चुकीचा ठरला. दावा म्हणजे देणे नव्हे हे मूळ तत्त्व मात्र पुसले गेले नाही, आणि मला वाटते की गोंधळाचे मूळ तिथेच आहे. तत्त्व जिवंत ठेवून त्याचा उपयोग काढून घेतला, तर वाचणाऱ्याला ते जिवंतच दिसते. 2016 मध्ये रेल्वे एका कामाच्या वादातली रक्कम दुसऱ्या कामासाठी दिलेली बँक हमी वटवून वसूल करू पाहत होती, तेव्हा न्यायालयाला रामन आठवले ते यामुळेच असावे.

असे अडवणे चालू नये, या माझ्या म्हणण्यावरचे आक्षेप हलके नाहीत. पहिला असा की ठेकेदाराने सही केली आहे; कलम 171 ला हवा असलेला स्पष्ट करार हाच. खरे आहे. पण सरकारी निविदेच्या छापील शर्तींत कुणा ठेकेदाराने खाडाखोड करून बघावी. निविदा उघडताच बाद होईल. त्या सहीत संमती किती आणि गरज किती, हे सांगायला वकील लागत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. निकृष्ट काम करून कंपनी गुंडाळणारे, बायकोच्या नावाने नवी फर्म काढणारे ठेकेदार काल्पनिक नाहीत. पैसा जनतेचा आहे, तो निवाड्याची वाट बघत सोडून द्यायचा का? याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढेच म्हणता येते की त्यासाठी त्याच कामाची सुरक्षा ठेव असते, त्याच कामाची बँक हमी असते, आणि ती पुरत नसेल तर चूक ती ठरवणाऱ्याची. दुसऱ्या कामाने पहिल्या रस्त्याचा जामीन का राहावे? तिसरा आक्षेप अंबर बिल्डर्सच्या निकालातच आहे: लवाद न्यायाधिकरणाला अंतरिम आदेशाचे अधिकार आहेत, ठेकेदाराने तिथे जावे. हा मार्ग खरा आहे आणि माझ्या मते आज तोच एक उरला आहे. न्यायाधिकरणाने निदान इतके तरी बघावे की मागितलेल्या आकड्यामागे मोजमापाचे कागद आहेत की नुसते पत्र. लहान ठेकेदाराने दुसऱ्या करारात विलंबित बिलाचा मुद्दा वेगळा लावून धरावा. तो नोंदणीकृत सूक्ष्म वा लघुउद्योग असेल तर 2006 च्या कायद्यातली 45 दिवसांची मर्यादा आणि बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज यांचा कायद्याने आधार मिळतो का, हे तपासून घ्यावे. पत्रव्यवहारात दोन्ही करारांची नावे एकाच पत्रात कधी घालू नयेत. खात्याला ती एकत्र दिसली की बरेच वाटते.

एकतर्फीपणा नेमका इथे आहे. पहिल्या कामाचे बिल थकले म्हणून ठेकेदाराने दुसरे काम थांबवले तर खाते म्हणते, दोन करार वेगळे आहेत, त्याचा याच्याशी काय संबंध? आणि दुसरे काम थांबवल्याबद्दल त्याच्यावर नवा दंड बसतो. करारांची भिंत एका बाजूने पक्की आणि दुसऱ्या बाजूने पडद्याची. तरीही सगळी भिंत पक्कीच असावी असे मी म्हणतो, तेव्हा जानेवारी 2024 चा भारती एअरटेलचा निकाल अडचणीत टाकतो. तिथे दिवाळखोरीत गेलेल्या एअरसेलला स्पेक्ट्रमचे पैसे देताना एअरटेलने जोडणी शुल्काची जुनी बाकी वजा केली होती. न्यायालयाने ती वजावट नाकारली, कारण दोन व्यवहार एकमेकांत गुंतलेले नव्हते आणि दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाल्यावर एका घेणेकऱ्याने बाकीच्यांना डावलून आपली वसुली करू नये. वजावटीचा करार आधीच अमलात आला असेल तर गोष्ट वेगळी, असेही म्हटले. निकाल मला पटला. पण त्याचा अर्थ असाही निघतो की कंपनी दिवाळखोरीच्या दारात गेली की करारांमधली भिंत कायदा बरीचशी राखतो, तीही मुख्यतः तिच्या इतर घेणेकऱ्यांसाठी. कंपनी चालू असताना, कामावर माणसे असताना आणि शनिवारी पगार द्यायचा असताना मात्र छापील कलमातल्या 'अडवून ठेवणे' या शब्दांपुढे तिला तशी भिंत मिळत नाही.