आधी काटा, मग भिंग

जुनं नाणं हातात आलं की मी आधी त्यावरची छाप बघत नाही, वजन करतो. छापेवर नजर गेली की मन भलत्या वाटेला लागतं.

होटगीच्या एका घरात आजींनी पुतळ्यांची माळ पुढ्यात ठेवली, तेव्हाही तेच केलं. त्यांच्या नातवाने तेरच्या संग्रहालयात रोमन व्यापाराच्या खुणा पाहिलेल्या, आणि माळेतल्या एका नाण्यावर त्याला रोमन अक्षरं दिसलेली. त्याची शंका रास्तच होती. आपल्याच सोलापूर जिल्ह्यात दारफळला एकोणिसाव्या शतकात रोमन सोन्याची नाणी सापडली आहेत. शिवाय भारतात आलेल्या रोमन नाण्यांनाही भोकं पाडून, कड्या लावून लोकांनी ती गळ्यात घातली. तेव्हा नुसत्या कडीवरून काही ठरत नाही.

आजींनी दोरा सोडवून ते नाणं मोकळं करून दिलं. कडीसकट साडेतीन ग्रॅमच्या जरा वर. रोमन ऑरियस सात ग्रॅमच्या पुढचा, जाड, सम्राटाचं डोकं ठसठशीत उठलेलं. हे पातळ, पसरट. भिंगाखाली उभा संत, त्याच्यापुढे गुडघे टेकलेला राज्यप्रमुख, मध्ये निशाणाची काठी. मागे ताऱ्यांच्या लंबगोलात ख्रिस्त. व्हेनिसच्या डुकाटची ही मांडणी १२८४ पासून १७९७ मध्ये ते प्रजासत्ताक संपेपर्यंत टिकली. पुतळी आपल्याकडे आली ती या नाण्यावरून.

पण खऱ्या डुकाटवर राज्यप्रमुखाचं नाव वाचता येतं, त्यावरून काळ बांधता येतो. इथे अक्षरांच्या नुसत्या उभ्या काड्या झालेल्या. म्हणजे लिपी न येणाऱ्या एखाद्या सोनाराने समोरचं नाणं बघून ठसा कोरला. पाय, झगा, काठी त्याने मन लावून उतरवलंय. मला अशी नक्कल अस्सल डुकाटपेक्षा प्रिय आहे, कारण तिच्यात आपल्याकडचा हात दिसतो.

नातवाचा चेहरा उतरला. त्याला भिंग दिलं आणि तारे दाखवले. ते जवळजवळ पुसलेले, संताची बाजू मात्र कोरीव. ख्रिस्ताची बाजू अंगाला घासत राहिली होती. घरातल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या माळ एकाच बाजूने घातली असणार. चिंच लावून घासलं, पॉलिश केलं, की हा पुरावा जातो. माळ मोडून नवा दागिना केला, तर सोनार तोलून फक्त सोन्याचे पैसे देईल.

माळ कुणाच्या माहेरची, पुतळ्या किती, कुठली बाजू वर, हे आजींकडून विचारून वहीत लिहून ठेव, असं मी त्याला सांगितलं. त्याने तिथेच वही काढली.