संकटकाळचा ग्रंथपाल

रोगाची सांथ आली किंवा नदीनें मर्यादा सोडली म्हणजे लोकांस प्रथम डॉक्टर आठवतो, मग पोलीस, मग स्वयंसेवक. ग्रंथपालाची आठवण कोणास होत नाहीं. झालीच तर त्याचीं पुस्तकें भिजलीं काय, एवढ्यापुरती. पुस्तकांच्या संगतींत तीस वर्षें काढल्यानंतर हा समज आम्हांस मान्य करवत नाहीं. तो कां, हें सांगण्यास एक खरी हकीकत पुरे आहे.

2014 सालीं पश्चिम आफ्रिकेंत इबोला रोगानें थैमान मांडलें. गिनी, लायबेरिया व सिएरा लिओन या देशांत 11,000 हून अधिक माणसें त्यांत दगावलीं. हा रोग मध्य आफ्रिकेचा, इकडे तो यावयाचा नाहीं, अशी सार्वत्रिक समजूत होती. पुढें एप्रिल 2015 मध्यें लायबेरियाच्या आरोग्यखात्यांतील प्रमुख वैद्यकीय अधिकारी बर्निस डान व त्यांचे दोन सहकारी यांनीं ‘न्यू यॉर्क टाइम्स’ पत्रांत लेख लिहून एका जुन्या निबंधाकडे जगाचें लक्ष वेधलें. तो 1982 सालीं युरोपांतील विषाणुशास्त्राच्या एका नियतकालिकांत छापला होता. लायबेरियांतील कांहीं लोकांच्या रक्तांत इबोलाच्या खुणा सांपडतात, सबब या देशाची गणना त्या रोगाच्या प्रदेशांत करावी लागेल, असें त्यांत म्हटलें होतें. म्हणजे इशारा 32 वर्षें छापील अक्षरांत हजर होता. ज्यांच्या जिवावर बेतणार होतें त्यांच्यापर्यंत मात्र तो पोंचला नव्हता. लिहिणारांत लायबेरियाचा कोणी नव्हता. आणि असा एक निबंध मिळवावयाचा तर 45 डॉलर, म्हणजे तेथील डॉक्टरचा अर्ध्या आठवड्याचा पगार, मोजावा लागे.

येथें विद्या उणी पडली नाहीं. विद्या आणि तिची गरज असलेला मनुष्य यांच्यामध्यें उभा राहणारा कोणी नव्हता. त्या कोणाला तरी आम्ही ग्रंथपाल म्हणतों. आमच्या पाहण्यांतला चांगला ग्रंथपाल मागितलेलें पुस्तक लगेच काढून देत नाहीं. तें कशासाठीं हवें, हें तो विचारतो, आणि पुष्कळदां दुसरेंच पुस्तक पुढें ठेवतो. डॉ. रंगनाथन यांनीं 1931 सालीं ग्रंथालयाचे जे पांच नियम सांगितले, त्यांत वाचकाचा वेळ वांचविण्याचा एक आहे. सांथीच्या दिवसांत वांचलेला वेळ म्हणजे वांचलेला जीव होय.

हें काम करतां येतें, याचेही दाखले आहेत. 2010 सालीं हैतींत भूकंप झाला, तेव्हां अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयानें प्रकाशकांच्या साहाय्यानें अनेक नियतकालिकें मदतकार्यांतील मंडळींस कांहीं काळ फुकट खुलीं करून दिलीं. 2020 सालीं करोनाच्या सांथींत अडचण उलट होती. निबंधांचा पूर आला, कित्येक तर तज्ज्ञांच्या तपासणीपूर्वींच बाहेर पडले. त्यांतून विश्वसनीय तेवढें निवडून डॉक्टरांच्या हातीं देणें हें वैद्यकीय ग्रंथपालांचें काम होऊन बसलें.

साध्या गांवच्या वाचनालयासही असें काम असतें. 2005 सालीं कत्रिना वादळानें न्यू ऑर्लीन्स शहर बुडविलें, तेव्हां सरकारी मदतीचे अर्ज संगणकावरून भरतां येत होते. पण घरच गेलेल्यांपाशीं संगणक कोठला? आसपासच्या गांवांतील ग्रंथालयांपुढें रांगा लागल्या. अर्ज समजावून देणें, ताटातूट झालेल्या नातलगांचा शोध घेणें, हें तेथेंच होऊं लागलें. 2011 पावेतों अमेरिकेच्या आपत्तिनिवारण खात्यानें ग्रंथालयांची गणना अत्यावश्यक सेवांत केली होती.

महाराष्ट्रांत सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 सालीं झाला. गांवोगांव वाचनालयें आहेत. परंतु ग्रंथपालाकडे आपण कपाटाच्या किल्ल्या सांभाळणारा इसम म्हणूनच पाहतों. ऑगस्ट 2019 मध्यें कृष्णा व पंचगंगा यांच्या पुरानें सांगली-कोल्हापूरकडे हाहाकार उडविला. पूररेषा कोठवर येते, धरणांतून किती पाणी सुटणार, पूर ओसरल्यावर विहिरीचें पाणी पिण्याजोगें कसें करावें, हें सांगणारे कागद सरकारदरबारीं असतात. म्हातारीकोतारीस कळेल अशा बोलींत ते समजावून सांगूं शकणारा, आणि ज्याच्या शब्दावर गांवाचा विश्वास बसेल असा मनुष्य वाचनालयांत रोज संध्याकाळीं बसलेला असतो. जिल्ह्याच्या आपत्तिनिवारणाच्या बैठकींत डॉक्टर व महसूल अधिकारी यांच्या शेजारीं त्यालाही एक खुर्ची द्यावी, आणि ती पाऊस लागण्यापूर्वीं द्यावी, एवढेंच आमचें मागणें आहे.