रिकाम्या बाटलीचा हट्ट

आमच्या लहानपणी दवाखान्यात शिरलं की आधी स्पिरिटचा वास यायचा, मग स्टोव्हचा आवाज. स्टोव्हवर स्टीलच्या डबीत काचेची सिरिंज आणि सुया खदखदत असायच्या. कंपाउंडर चिमट्याने सुई उचलायचा, उजेडाकडे धरून भोक बघायचा, बुजलं असेल तर तारेने मोकळं करायचा. टोक बोथट झालं तर दगडावर घासायचा. उकळलंय ना, मग झालं; किती वेळ उकळलंय, हे कोण विचारणार? पुढे कुणाला कावीळ झालीच, तर दोष पाण्याला.

आता सिरिंज एकदा दाबली की दट्ट्या अडकतो, पुन्हा ओढला जात नाही. टोचून झालं की सिस्टर हब कटरमध्ये सुई कापतात, प्लास्टिक लाल पिशवीत जातं. बाळाने नीट भोकाड पसरायच्या आत सगळं आटोपलेलं.

तेव्हा दवाखान्यात फ्रिज एकच. दाराच्या कप्प्यात त्रिगुणी लस, शेजारी डॉक्टरांचं दही. वीज गेली की बर्फ आणायचा, ठेचून थर्मासात भरायचा, त्यात बाटल्या खोचायच्या. जितकं गार तितकं उत्तम, असा सगळ्यांचा समज. त्रिगुणी गोठली की बाद होते, हे आम्हाला फार उशिरा कळलं. आमच्यातल्या कितीजणांना नुसतं पाणीच टोचलं गेलं, देव जाणे.

आता लस 2 ते 8 अंशांत ठेवतात आणि दिवसातून दोनदा तापमान वहीत लिहितात, रविवारीसुद्धा. आइस पॅक कानाशी हलवून आत पाणी वाजलं, तरच तो कॅरियरमध्ये जातो. लेबलवरच्या वर्तुळातला चौकोन वर्तुळाइतका गडद झाला की बाटली बाद. बीसीजी कालवली की 4 तासांत संपवायची, उरली तर टाकायची. आमच्या वेळी उरलेली लस शेजारच्या पोराला उद्या चालायची.

हे सगळं पटतं. तरी हळहळ वाटतेच, ती त्या रिकाम्या बाटल्यांची. रडला नाहीस तर देईन, असं कंपाउंडर म्हणायचा आणि रडलो तरी द्यायचा. रबरी बुचांची चाकं लावून काडेपेटीची गाडी व्हायची. जुनी सिरिंज हाती लागली तर रंगपंचमीला पिचकारी! दवाखान्यामागच्या उकिरड्यात आम्ही अनवाणी हुंदडायचो, हे आज आठवलं की अंगावर काटा येतो.

परवा नातवाला लस द्यायला नेलं, तेव्हा रिकामी बाटली मागून पाहिली. सिस्टर हसल्या. म्हणाल्या, “आजोबा, रिकाम्या बाटलीचासुद्धा हिशोब द्यावा लागतो.”