बघायला कोण नको म्हणतंय?

वाचनालय म्हणजे पुस्तकं कुलपात आणि किल्ली जेवायला गेलेली, अशी लहानपणी माझी पक्की समजूत होती. मुरगुडात वेदगंगेचं पाणी पिऊन वाढलेल्या आमच्या पिढीनं पुस्तकांच्या पाठी तेवढ्या पाहिल्या, त्याही काचेतून. 'ते द्या' म्हटलं की ग्रंथपाल असे बघायचे, जणू आम्ही त्यांच्या मुलीला मागणी घालतोय. रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला पहिलाच असा, की पुस्तकं वापरण्यासाठी असतात. हे नियम करून सांगावं लागलं, यातच काय ते आलं! पुढं कपाटं उघडी झाली. पाकशास्त्राचं एक पुस्तक सोडलं तर काही गेलं नाही, आणि तेही कुठल्या घरात आहे हे गल्लीला वासावरून ठाऊक आहे.

मग वाचनालयात संगणक आला. नारळ फुटला, पेढे वाटले, आणि दुसऱ्या दिवशी शेजारी पाटी लागली : 'पेनड्राइव्ह लावू नये. डाउनलोड करू नये. हुकुमावरून.' म्हणजे काचेचं कपाट परत आलं. या खेपेला काचेमागं दिवा होता, एवढंच.

एकदा निढोरीचा एक पोरगा सायकल हाणत आला. दुसऱ्या दिवशी त्याची भरतीची परीक्षा.

'काका, हॉलतिकीट काढायचं हाय.'

'बघ की. बघायला कोण नको म्हणतंय?'

'बघून परीक्षेला बसू देत्यात व्हय?'

ग्रंथपाल निरुत्तर झाले. पाटी झाली नाही. पोरगा नाक्यावरच्या एका दुकानात गेला. तिथल्या संगणकाच्या पडद्यावर निम्म्या पंचक्रोशीची आधार कार्डं वाळत घातल्यासारखी पसरलेली. त्यात ह्याचंही एक पडलं. बंदीनं वाचनालयाचं सोवळं राहिलं, पोरगा मात्र उघड्यावर गेला.

ग्रंथपाल खाष्ट नव्हेत हो, घाबरलेले होते. 'सभासदांची नावं, वर्गणी, पुस्तकांची नोंद, सगळं ह्याच डबड्यात. एकाचा पेनड्राइव्ह नासका निघाला तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू?' आणि ही भीती काही खोटी नव्हे. २०१७च्या जानेवारीत अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या सार्वजनिक वाचनालयाचे १६ ठिकाणचे सुमारे ७०० संगणक चोरांनी दूर बसून कुलूपबंद केले आणि किल्लीचे ३५ हजार डॉलर मागितले. वाचनालयानं छदाम दिला नाही. संगणक पुसून नव्यानं मांडले. लंडनची ब्रिटिश लायब्ररी तर ऑक्टोबर २०२३मध्ये अशी गारठली, की तिची पुस्तकांची यादीसुद्धा पुढच्या जानेवारीपर्यंत ऑनलाइन दिसेना. तिथं ही गत, तर आमचं काय!

शेवटी माझा भाचा पुण्याहून सुट्टीला आला. त्याची रोजीरोटी संगणकावरच. तो म्हणाला, 'मामा, पाहुणा आला तर तुम्ही त्याला सोप्यात बसवता. दारातनं हाकलत नाही, आणि माजघरातल्या ट्रंकेवरही बसवत नाही.'

एवढंच शास्त्र. वाचकांच्या संगणकाची जोडणी वेगळी, नोंदींच्या संगणकाची वेगळी. एकातून दुसऱ्यात वाट नाही. वाचकाला फाइल उतरवून घ्यायची मुभा, नवा प्रोग्रॅम बसवायची नाही. पेनड्राइव्ह आधी तपासायचा, आणि तो लावल्यावर आपोआप काही सुरू होता कामा नये. वाचक उठला की संगणक बंद करून पुन्हा चालू करायचा. तो पहिल्यासारखा कोरा होतो, कुणाचं आधार कार्ड मागं राहत नाही. शिवाय नोंदींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर उतरवून, तार काढून, कपाटात कुलपात ठेवायची. 'कुलूप' म्हटल्यावर ग्रंथपालांचा चेहरा पहिल्यांदा उजळला.

कमिटीत तासभर काथ्याकूट झाला. पाटी बदलली : 'पेनड्राइव्ह आधी तपासून घ्यावा. हुकुमावरून.' हुकूम कुणाचा, ते अजून कळलेलं नाही. पण तो शब्द काढायला ग्रंथपाल तयार होईनात. आता परीक्षेच्या मोसमात पोरं दारात रांग लावतात, कागद घेतात नि जातात. कमिटीतले एक ज्येष्ठ सभासद तेवढे नाराज आहेत. चहाला म्हणून उठून येतात, तोवर त्यांचा पत्त्यांचा डाव पुसलेला असतो.