आपल्याकडे तसं करत नाहीत

पिशोरला शाळेत रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या कविता मी वर्षानुवर्षं शिकवल्या. त्यांचं धाडस मात्र निवृत्तीनंतर उमगलं. १८९५ मध्ये ते ख्रिस्ती झाले. चर्चमध्ये तेव्हा परदेशी चालींची गाणी फार. टिळकांनी अभंग, भजन, कीर्तन आणलं. ख्रिस्त मराठी माणसाला मराठीतूनच भेटावा, ही तळमळ. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून साताऱ्याला त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा न घेतलेल्या शिष्यांनाही तिथे जागा होती.

गेल्या गणपतीत सूनबाई म्हणाली, "बाबा, मुलांना आरती पाठ आहे, पण कळत नाही. आधी अर्थ सांगूया का?" मी म्हणालो, "आपल्याकडे तसं करत नाहीत." जन्मभर मास्तरकी करून हे उत्तर!

सूनबाई, वाचते आहेस ना? यंदा अर्थ तूच सांग. मी मुलांमध्ये बसेन.