बेनमोरचा बुरांश

गूरॉकहून बोटीने डनूनला उतरलो तेव्हा पाऊस होता, बेनमोरच्या बागेशी पोचलो तेव्हाही होता. एप्रिल सरत आलेला. लेक म्हणाली, "आई, स्कॉटलंडच्या या कडेला पाऊस थांबायची वाट बघायची नसते." मग तशाच निघालो. सुरुवातीलाच १८६३ साली लावलेल्या महाकाय रेडवुडच्या रांगा, मान दुखेस्तोवर वर बघावं अशा. पण माझा जीव टेकडीवरच्या फुलांत अडकला होता.

चढ लागला आणि एका वळणावर रंग अंगावरच आले. पांढरा, सायीसारखा पिवळा, जांभळट, आणि मग तो लाल. पायवाटेच्या शेवाळावर लाल घंटा सांडल्या होत्या. एक उचलली. आत डोकावले तर तळाशी पाच काळपट खळगे, त्यांत मधाचा ओलावा. पाटीवर ‘ऱ्होडोडेंड्रॉन आर्बोरियम’ लिहिलेलं. मी मात्र पाटी वाचायच्या आधीच ओळखलं होतं. हा तर बुरांश!

हिमालयात चोपत्याला, तुंगनाथच्या वाटेवर, एका मावशींनी स्टीलच्या पेल्यातून त्याचं सरबत दिलं होतं. आंबटगोड, थेट कोकमाची आठवण करून देणारं. सरबताबरोबर नावही त्यांनीच दिलं. मराठीत याला काय म्हणतात ते मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. आपल्या सह्याद्रीत हे झाड भेटतच नाही. खाली निलगिरी-पळणीच्या माथ्यांवर मात्र, हिमालयापासून इतक्या दूर, याचीच एक शाखा तग धरून आहे.

आणखी वर ऱ्होडोडेंड्रॉनचीच दुसरी जात, फाल्कनरी. पान वितीहून लांब, वरून सुरकुतलेलं, गर्द हिरवं. ते उलटलं आणि बोट तिथेच राहिलं. पानाच्या पाठीवर गंजाच्या रंगाची दाट लव, जुन्या घोंगडीसारखी उबदार. झाड सिक्कीम-भूतानकडचं, नाव ह्यू फाल्कनर या स्कॉटिश वनस्पतितज्ज्ञाचं. ते दिलं जोसेफ हुकरने. १८४८ आणि ४९ मध्ये त्याने सिक्कीमचे डोंगर पालथे घातले, कित्येक जाती टिपल्या, बिया मायदेशी धाडल्या. १८४९ च्या अखेरीस सिक्कीमच्या दिवाणाने त्याला आणि त्याच्या सोबतच्या कॅम्पबेलला अटकेत ठेवलं. त्याचं निमित्त करून पुढच्याच वर्षी इंग्रजांनी सिक्कीमचा मुलूख तोडून घेतला. बिया गेल्या, जमीन गेली, डोंगरातल्या माणसांनी ठेवलेली नावंही मागेच राहिली. त्या नावांचं मला फार वाईट वाटतं. झाडावर मात्र राग धरवत नाही. परक्या मातीत ते किती मनापासून फुललंय!

उतरताना लेक लाल झाडापाशी पुन्हा थांबली. एका घंटेत पाऊस चुकवून एक केसाळ भुंगा बसला होता. पाठीवर पिवळा पट्टा, पाय परागांनी माखलेले.

"आई, तुझ्या बुरांशात बघ कोण आहे," ती म्हणाली.

तो उडेपर्यंत आम्ही हललो नाही. परतीची बोट चुकली.